विश्वासाचे शस्त्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत एन.सी.सी.चे पथक उभे केले, हे येथील ज्येष्ठांना ठाऊकच आहे. पॉइंट टू-टूची रायफल त्यांच्या हातून आमच्या पिढीतील कितीतरी मुलांच्या हाती आली. गोळी झाडण्याच्या आधी ती कशी धरावी, कशी उघडावी, कशी पुसावी, हे शिकण्यातच आमचे पहिले काही रविवार जात. त्यांच्या स्मृतिदिनी कोणत्या विषयावर बोलावे, असा प्रश्न मला पडला नाही. याच पॉइंट टू-टूच्या काडतुसावर चालणारे नेमबाजीचे पिस्तूल हा माझ्या आयुष्यभराच्या आवडीचा विषय आहे. त्याच्याविषयी, आणि ते बाळगणे म्हणजे काय याविषयी, चार गोष्टी सांगण्याचा आज विचार आहे.

या विषयाला आज एक तातडीही आहे. गुरुजींच्या नावाने शाळेत दहा मीटर अंतराची एअर पिस्तुलाची छोटी रेंज सुरू करावी, असा प्रस्ताव संस्थेपुढे आहे. काही पालकांनी त्याला लेखी विरोध केला आहे. मुलांच्या हाती शस्त्र देणे हे विद्यामंदिराचे काम नव्हे, असे त्यांचे म्हणणे. हा विरोध मी हसण्यावारी नेणार नाही. मराठवाड्यातून हैदराबादेत येऊन स्थिरावलेल्या आपल्या अनेक घरांत बंदुकीची आठवण १९४८ सालच्या सप्टेंबरापूर्वीच्या त्या भयाण महिन्यांशी जोडलेली आहे. आमच्या आजीच्या पिढीला दूरवर बार ऐकू आला की दिवा मालवण्याची सवय होती. आणि आजही लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणारे महाभाग आपल्या देशात आहेतच. अशा उन्मादी गोळीबाराला २०१९ सालच्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवावी लागली, यातच सारे आले. तेव्हा भीती खोटी नाही. मात्र भीती कशाची बाळगावी आणि आदर कशाचा करावा, हे नीट पाहण्यासाठी ती वस्तू आधी ओळखली पाहिजे.

रिमफायर म्हणजे काय, ते प्रथम सांगतो. लष्करी काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी बसवलेली असते. तिच्यावर आघात झाला की दारू पेटते. रिमफायर काडतुसाला अशी टोपी नसते. पितळेच्या पुंगळीच्या बुडाला जी दुमडलेली कड असते, तिच्या पोकळीत ठिणगी पाडणारे मिश्रण भरलेले असते. पिस्तुलाची कील त्या कडेवर आपटते, कड चेपते आणि बार उडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये फ्लोबेर याने या कल्पनेला आकार दिला, १८५७ साली अमेरिकेत त्या जातीचे छोटे काडतूस बाजारात आले, आणि १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने आज सर्वत्र वापरले जाणारे पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतूस तयार केले. त्याची शिशाची गोळी अवघी अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची. नेमबाज जे काडतूस वापरतात त्याची गोळी आवाजाच्या वेगाहून किंचित कमी वेगाने जाते. हाताला धक्का अल्प, आवाज मर्यादित, किंमत इतर काडतुसांच्या मानाने कमी. म्हणून सरावाला आणि स्पर्धेला ते सोयीचे. परंतु म्हणून ते खेळणे नव्हे. हीच अडीच ग्रॅमची गोळी मोकळ्या मैदानात मैलभर जाऊ शकते आणि माणसाचा जीव घेऊ शकते. हे वाक्य मी मुद्दाम आरंभीच उच्चारतो, कारण पुढचे सारे विवेचन त्याच्या पायावर उभे आहे.

या काडतुसासाठी बनवलेले स्पर्धेचे पिस्तूल पाहिले तर प्रथमदर्शनी ते कोणाला सुंदर वाटणार नाही. स्वित्झर्लंडच्या हेमर्लीचे २०८, जर्मनीच्या वाल्थरचे जी.एस.पी., इटलीच्या पार्दिनीचे पिस्तूल, ही या क्षेत्रातील मान्यवर घराणी. त्यांच्यावर नक्षी नाही, चकाकी नाही. जे आहे ते कामापुरते आहे. नियमही काटेकोर आहेत. पंचवीस मीटर पिस्तूल या प्रकारात शस्त्राचे वजन १४०० ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. ते ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. आणि चाप किमान १००० ग्रॅमचा असला पाहिजे. शेवटची अट कशी तपासतात, ते पाहण्यासारखे असते. नळी आकाशाकडे करून पिस्तूल उभे धरतात आणि एक किलोचे वजन चापाला अडकवून उचलतात. वजन जमिनीवरून उचलले जाऊनही चाप सुटला नाही, तरच ते पिस्तूल स्पर्धेत उतरते. सुखासुखी सुटणारा चाप हा तेथे गुण नसून दोष मानला जातो.

स्पर्धेचे स्वरूप असे. पहिल्या भागात पाच-पाच गोळ्यांच्या सहा फैरी, प्रत्येकीला पाच मिनिटे. पंचवीस मीटरवरील लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ पाच सेंटिमीटर व्यासाचे. दुसऱ्या भागात वर्तुळ दुप्पट मोठे होते, पण वेळ आटतो. हात पंचेचाळीस अंशांत खाली ठेवून उभे राहायचे. सात सेकंद थांबायचे. मग तीन सेकंद लक्ष्य खुले होते. त्या तीन सेकंदांत हात वर आणणे, माशी आणि मागची खाच एका रेषेत आणणे आणि चाप न हिसकता दाबणे, एवढे सगळे एका गोळीसाठी करायचे. असे तीस वेळा. एकूण साठ गोळ्या आणि सहाशे गुण.

आता विश्वासार्हता म्हणजे काय, हे ध्यानात येईल. त्या तीन सेकंदांत नेमबाजाच्या मनात स्वतःच्या श्वासाचा विचार असावा, हाताचा असावा. पिस्तूल उडेल की नाही हा विचार असता कामा नये. ती शंका एकदा मनात शिरली की चापावरचे बोट जड होते. अचूक पिस्तूल आणि विश्वासू पिस्तूल यांत हाच फरक. पहिले चांगल्या दिवशी दहा गुण देते. दुसरे वाईट दिवशीही तुमची साथ सोडत नाही.

साथ सुटली की काय होते, हे सगळ्या देशाने पाहिले आहे. २५ जुलै २०२१ रोजी टोकिओ ऑलिम्पिकमध्ये मनू भाकर हिच्या पिस्तुलात प्राथमिक फेरी चालू असताना बिघाड झाला. ते एअर पिस्तूल होते, रिमफायर नव्हे. पण धडा एकच. दुरुस्तीत वेळ गेला, उरलेल्या गोळ्या घाईने झाडाव्या लागल्या, आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्याच मनूने २०२४ साली पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके जिंकली.

नियमांत अशा प्रसंगांची तरतूद आहे आणि ती मोठी शिकवण देणारी आहे. बार उडाला नाही तर नेमबाजाने पिस्तूल लक्ष्याच्या दिशेलाच धरून दुसरा हात वर करावा आणि अधिकाऱ्याला कळवावे. अधिकारी कारण तपासतो. काडतूस फुसके निघाले, पुंगळी अडकली किंवा एखादा भाग मोडला, तर दोष नेमबाजाचा नाही. त्याला फैरी पूर्ण करण्याची संधी मिळते. पण काडतूस भरायचेच राहिले, सुरक्षा-खटका उघडायचा राहिला, असे आढळले तर दया नाही. न झाडलेल्या गोळीचे शून्य. शस्त्राचा दोष कोणता आणि आपला कोणता, हे इतक्या स्पष्टपणे वेगळे काढून दाखवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

माझा आजवरचा अनुभव मात्र असा की शस्त्राच्या खात्यात मांडलेल्या दोषांपैकी पुष्कळसे अखेर मालकाच्याच खात्यात जातात. रिमफायर काडतुसाची गोळी मेणाने किंवा चरबीने माखलेली असते. शेकडो बार झाल्यावर ते मेण आणि जळलेल्या दारूची काजळी मिळून नळीच्या मुखापाशी, जेथे काडतूस बसते तेथे, एक चिकट थर धरतात. मग काडतूस केसभर बाहेर राहते, कीलेचा आघात बोथट होतो आणि फुसका बार निघतो. मॅगझिन एकदा फरशीवर पडले आणि त्याचे ओठ किंचित वाकले, तर शिशाची मऊ गोळी वर चढताना नाक घासते आणि काडतूस तिरके अडकते. हैदराबादच्या उन्हाळ्यात तेल पातळ होऊन वाहून जाते आणि त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात दमट कपाटात ठेवलेल्या पितळेला डाग धरतात. पिस्तूल यांतले काहीही बोलून दाखवत नाही. ते फक्त एके दिवशी थांबते, आणि तो दिवस बहुधा स्पर्धेचाच असतो.

काडतुसांचेही तसेच. कड सर्वत्र सारखी भरली गेली नसेल तर एखादे काडतूस दगा देणारच. शिवाय प्रत्येक नळीची आवड निराळी. एकाच कारखान्याच्या दोन घाण्यांतील काडतुसे एकाच पिस्तुलातून निरनिराळे गुण दाखवतात. म्हणून जाणकार नेमबाज पिस्तूल शिकंज्यात पक्के बसवून निरनिराळ्या घाण्यांची काडतुसे झाडून पाहतो, ज्यांचे छिद्रांचे पुंजके सर्वांत लहान येतात ती घाणी निवडतो आणि वर्षभर पुरेल इतकी घेऊन ठेवण्याचा प्रयत्न करतो. या पिस्तुलांची स्प्रिंग मध्यम वेगाच्या काडतुसांसाठी जुळवलेली असते. अधिक जोरकस काडतुसे वापरून ऐट मिरवणाऱ्याचे यंत्र लवकर झिजते. आणि रिकामा चाप ओढण्याचा सराव, जो आपण सगळे घरी भिंतीसमोर करतो, तो पिस्तुलाच्या रचनेत तशी सोय असेल तरच करावा. नाही तर कील काडतुसाऐवजी नळीच्या काठावर आपटत राहते आणि काठ चेपतो. इतके सगळे सांभाळले, तर हे यंत्र पन्नास वर्षेसुद्धा टिकते. वडिलांचे पिस्तूल परवान्यावर मुलीच्या नावे झाले आणि ते तितकेच चोख चालले, अशी उदाहरणे प्रत्येक जुन्या क्लबात आढळतात.

मुठीविषयीही सांगितले पाहिजे. या पिस्तुलांची मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते आणि ती तयार मिळाली तरी पुरी झालेली नसते. कानसेने घासून, लाकडाच्या लुकणाने भरून, पुन्हा घासून, ती आपल्या तळव्याला बसवावी लागते. काही महिन्यांनी ती फक्त तुमच्याच हाताला बसते. उसने पिस्तूल कितीही उत्तम असले तरी त्याच्यावर पुरता विश्वास बसत नाही, त्याचे कारण येथे आहे. हंगेरीचा कारोय ताकाच याचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्बने निकामी झाला. त्याने डाव्या हाताला पहिल्यापासून शिकवले आणि १९४८ साली लंडनला व १९५२ साली हेलसिंकीला शीघ्र-नेमबाजीच्या पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. रशियाचा मिखाईल मार्गोलिन तर तरुणपणी लढाईत दृष्टी गमावून बसला होता. या अंध माणसाने हाताने चाचपून नमुने घडवले, आणि त्याच्या नावाने ओळखले जाणारे पॉइंट टू-टूचे पिस्तूल जगभरच्या नेमबाजांनी वापरले. जे पिस्तूल डोळ्यांसाठी आहे असे आपण समजतो, ते एका आंधळ्या माणसाच्या बोटांतून जन्मले.

आपल्या गावाकडे वळू. सालारजंग संग्रहालयात शस्त्रांचे दालन आपण सर्वांनी पाहिले असेल. जडावाच्या मुठींच्या कट्यारी, सोन्याच्या तारेचे काम केलेल्या तलवारी. त्या वस्तूंत कारागिराचे कसब अपार आहे. पण त्यांतील पुष्कळशा मिरवण्यासाठी होत्या, मालकाचा मान वाढवण्यासाठी होत्या. याच शहरात गच्चीबावलीच्या रेंजवर ईशा सिंग नावाची मुलगी नऊ वर्षांची असताना नेमबाजी शिकू लागली. २०१८ साली, तेराव्या वर्षी, तिने राष्ट्रीय स्पर्धेत ज्येष्ठ गटाचे विजेतेपद मिळवले. २७ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात मनू भाकर, ईशा सिंग आणि रिदम सांगवान यांच्या संघाने १७५९ गुणांसह सुवर्ण मिळवले, आणि वैयक्तिक अंतिम फेरीत ईशाने ३४ अचूक नेम साधून रौप्य घेतले. तिच्या हातातील शस्त्रावर रत्न नव्हते. तिच्या हातामुळे त्याचा मान वाढला. त्याच्यामुळे तिचा नव्हे.

याच प्रकारात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकले, आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या प्रतिस्पर्ध्याशी ३४-३४ अशी बरोबरी झाल्यावर निर्णायक फैरींत सुवर्ण खेचून आणले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुण्याच्या अनिसा सय्यद हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच पिस्तुलाने सुवर्ण मिळवले होते. आणि २०१२ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये विजयकुमार या आपल्या जवानाने पंचवीस मीटर शीघ्र-नेमबाजीत रौप्य मिळवले, तेही याच काडतुसावर.

आता बाळगण्याविषयी. आपल्या देशात पिस्तूल विकत घेणे म्हणजे बाजारातून वस्तू आणणे नव्हे. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम यांच्या चौकटीत परवाना काढावा लागतो. शहरात तो अधिकार पोलीस आयुक्तांचा. चौकशी होते, क्रमांक नोंदला जातो, काडतुसांचा हिशेब ठेवावा लागतो. चांगले पिस्तूल परदेशातून येते आणि त्याची किंमत लाखांच्या घरात जाते. सामान्य घरातील मुलाला ते सहज परवडणारे नाही, हे मान्य केलेच पाहिजे. क्लबाने आणि संस्थांनी चांगली पिस्तुले सामाईक ठेवणे, ही म्हणूनच चैन नसून गरज आहे. कागदपत्रांची कटकट असते खरी. पण तिच्याविषयी माझी तक्रार नाही. ज्याला हिशेब देण्याचा कंटाळा आहे, त्याने हे शस्त्र बाळगूच नये.

आपल्या नेमबाजीच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना १९५१ साली झाली, ती दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले, कर्मभूमी अहमदाबाद, आणि पुढे ते लोकसभेचे पहिले सभापती. गांधीजींच्या सहवासात वाढलेला, सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेला हा सात्त्विक पुरुष. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाते. अहिंसेच्या चळवळीतून आलेल्या माणसाला नेमबाजीची संघटना उभारताना विसंगती वाटली नाही, याचा विचार विरोध करणाऱ्या पालकांनी जरूर करावा. सभागृहाला शिस्त लावणाऱ्या माणसाला या खेळातील शिस्त ओळखता आली असावी, असे मला वाटते.

तरीही पालकांना मी एवढेच सांगून थांबणार नाही. शाळेत रेंज सुरू झाली तर काही अटी असाव्यात. आरंभ एअर पिस्तुलानेच व्हावा. रिमफायर पुढे क्लबात, मान्यताप्राप्त प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. शस्त्रे कुलूपबंद, आणि त्यांची किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून हाताळणे. नळी लक्ष्याखेरीज कोठेही न वळवणे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे. यांतील एकही गोष्ट ज्या मुलाकडून सुटली, त्याला त्या दिवशी बाहेर बसवावे, मग तो कितीही गुणी असो. आणि साफसफाई प्रत्येकाने स्वतः करावी. ज्याला पुसण्याचा कंटाळा त्याला झाडण्याचा अधिकार नाही, हा गुरुजींचा दंडक होता. तो तसाच चालू ठेवावा. या अटी पाळणे संस्थेला जमणार नसेल, तर रेंज न काढलेली बरी. असे झाले तर पालकांच्या बाजूने मीही सही करीन.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. सुतार करवत पुजतो, गवंडी थापी पुजतो, विद्यार्थी पुस्तके मांडतो. त्या दिवशी हत्यार स्वच्छ करून पाटावर ठेवायचे, हा त्या पूजेतला मला सर्वांत आवडणारा भाग. हत्यारापुढे हात जोडणारा माणूस त्याचा गर्व करीत नाही. वर्षभर त्याने आपल्याला साथ दिली आणि आपण त्याची राखण केली, एवढाच हिशेब तो देतो. विश्वासू पिस्तुलाची थोरवी मला तितकीच वाटते. त्याचा विश्वासूपणा कारखान्यात अर्धाच घडतो. उरलेला अर्धा ते बाळगणाराच्या रोजच्या वागण्यातून येतो. आपली मुले ते वागणे शिकणार असतील तर त्यांच्या हाती काय आहे याची भीती आपण बाळगू नये. आणि शिकणार नसतील, तर त्यांच्या हाती मोटारीची किल्लीसुद्धा देऊ नये.